मी पोचलो

(अल बर्शा इथे एका घरगुती बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही.)



बोलायला उभं राहण्याआधी मी आपल्याला दोन विनंत्या केल्या होत्या. फोन आतल्या खोलीत ठेवावेत आणि कुणाचंही नाव घेऊ नये. आपण दोन्ही मान्य केल्यात, आभार. आपण राहतो त्या देशात समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. त्यावर मी भाषण करणार नाही, पण एवढी काळजी का, ते सांगायला हवं.

मी क्वांटिटी सर्व्हेयर आहे. वीस वर्षं इथे काढली. आमचं एकुलतं एक लेकरू इथेच वाढलं, पाँड पार्कमध्ये सायकल शिकलं आणि पुढे शिकायला कॅनडाला गेलं. आपल्यापैकी काहींनी त्याला आमची मुलगी म्हणून पाहिलेलं आहे.

आठवी-नववीत या लेकरानं घरात मराठी बोलणं सोडलं. इंग्रजी शाळेचा परिणाम, असं आम्ही धरून चाललो. सुट्टीत गावी गेलो की माझी आई 'आली बघा मडमीण' म्हणून चिडवायची. खरं कारण कळायला सहा वर्षं गेली. मराठीत 'मी जाते' की 'मी जातो' हे ठरवल्याशिवाय साधं वाक्य पुरं होत नाही. इंग्रजीत ती अडचण नाही. दिवसातून शंभरदा स्वतःबद्दल खोटं बोलण्यापेक्षा त्यानं आईची भाषाच बाजूला ठेवली.

हे सगळं त्यानं कॅनडातून एका लांबलचक ईमेलमध्ये कळवलं. मी मुलगा आहे, असं त्यात लिहिलं होतं. उत्तर द्यायला मी तीन आठवडे लावले. त्या तीन आठवड्यांची मला लाज वाटते, आणि ती मी आज तुमच्यासमोर कबूल करते.

आता त्याचा चेहरा एक सांगतो आणि पासपोर्ट दुसरं. त्यामुळे इथे यायची त्याला भीती वाटते आणि 'ये' म्हणायची मला. म्हणून वाढदिवसाला त्यानं मला एक हेडसेट पाठवला. म्हणाला, तुम्ही या.

ज्यांनी हे यंत्र वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोळ्यांसमोर दोन भिंगं असतात. आपण मान वळवली की समोरचं दृश्यही वळतं, हात हलवला की तिथला आपला हात हलतो. समोरच्याचा आवाज ज्या बाजूला तो उभा आहे त्याच बाजूनं येतो. फोनवर आपण एकमेकांकडे बघतो, इथे एकाच खोलीत बसतो. पहिल्या दिवशी मला मळमळलं. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसूनच वापरलं.

तिथे प्रत्येकाचं एक रूप असतं, त्याला अवतार म्हणतात. शब्द आपलाच आहे! माझ्या मुलानं आजोळची ओसरी तिथे बांधली आहे, झोपाळ्यासकट. महिन्यातून एकदा तिथे आठ-दहा मराठी मुलंमुली जमतात. नियम एकच, प्रत्येकानं स्वतःची एक गोष्ट सांगायची आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. एकजण नेहमी पाखराच्या रूपात येतं. पाखराला कुणी विचारत नाही, तू मुलगा की मुलगी, म्हणून. एकानं सांगितलं, बहिणीच्या लग्नात दिवसभर पाहुण्यांना वाढत होतो, आणि प्रत्येकजण 'आता तुझा नंबर' म्हणत होता. गोष्ट एवढीच. पण ती ऐकताना मला आठवलं, हे वाक्य मी स्वतः किती पोरांना ऐकवलं आहे.

असं करणारी ही मुलं काही पहिली नाहीत. २०२२ साली जो हंटिंग यांचा 'वी मेट इन व्हर्च्युअल रिॲलिटी' हा माहितीपट आला, तो सगळाच्या सगळा व्हीआरचॅटच्या आत चित्रित केलेला आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात एलजीबीटीक्यू+ व्हीआर म्युझियम दाखवलं गेलं. लोकांनी आपल्या आयुष्यातली एखादी जवळची वस्तू निवडायची, तिची गोष्ट सांगायची, आणि पाहणाऱ्यानं त्या वस्तूपाशी उभं राहून ती ऐकायची.

आणि हे परदेशी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर र. धों. कर्व्यांची आठवण करून देते. 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ चाललं. जे घरात कुणाला विचारता येत नव्हतं, ते वाचक त्यांना विचारत. १९३४ साली अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात समलिंगी संबंधांबद्दलचाही प्रश्न होता. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण तोंड लपवून का होईना, खरं विचारायला माणसाला एक जागा लागते, हे आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं. हेडसेट ही आजची तशी जागा आहे.

तिचे दोषही सांगते. तिथेही टवाळखोर येतात, अंगाशी येतात. २०२२ मध्ये मेटाला आपल्या होरायझन वर्ल्ड्समध्ये अवतारांभोवती अंतर राखण्याची सोय करावी लागली. शिवाय जागा कंपनीच्या मालकीची असते. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०२३ मध्ये अल्टस्पेसव्हीआर बंद केलं आणि तिथल्या मंडळींचे अड्डे एका दिवसात गेले. आणि कितीही खरं वाटलं तरी तिथे मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघता येत नाही.

म्हणून माझं मागणं यंत्राबद्दल नाही, आपल्या दिवाणखान्यांबद्दल आहे. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्सला ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं बातमी एकमेकांना पाठवली. तशी गोष्ट आपल्याच घरातल्या मुलानं सांगायला घेतली तर आपण ऐकू का? निदान मध्ये बोलू नका. लग्नाचं विचारू नका. आणि ऐकलेलं दुसऱ्या घरी नेऊ नका. इथे एका वाक्यानं कुणाचा व्हिसा, कुणाची नोकरी जाऊ शकते.

शेवटचं सांगते आणि बसते. पहिल्यांदा मी त्या ओसरीवर गेले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. झोपाळा रिकामा. मग मागून आवाज आला, "आई, मी पोचलो." इतक्या वर्षांनी मराठीत बोलला होता.

मी सवयीनं 'अगं' म्हणणार होते. जीभ अडली. मग म्हटलं, "अरे, किती उशीर केलास."