तीनातून दोन

आज कोड नाही, हत्यारं. घाबरू नका, सगळी लायसन्सवालीच!

किहीमला आमच्या आजोबांकडे तीन होती: वाडीच्या राखणीची बारा बोअरची दुनळी, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं .32 रिव्हॉल्वर आणि पणजोबांचं .32 वेब्ली. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायदा बदलला. एका माणसाला तीनऐवजी दोनच, वारशानं आलेलं असलं तरी. जादाचं वर्षभरात जमा करायचं.

मी पडलो इंजिनिअर, लगेच एक्सेल उघडलं. दुनळी राहणार हे नक्की. रिव्हॉल्वर म्हणजे अगदी जवळच्या अंतराचं काम, वाडीत त्याचा उपयोग शून्य. मग दोन रिव्हॉल्वरपैकी कुठलं? दोन्हीत सहा गोळ्या, काडतूसही तेच. म्हणजे दोन्ही ठेवून तसंही वेगळं काही मिळत नव्हतं. कानपूरच्याचे पार्ट देशातच मिळतात. उत्तर सोपं.

आजोबांना दाखवलं. म्हणाले, "बरोबर आहे रे तुझं." आणि वेब्ली फडक्यावर घेऊन तेल देत बसले. जमा करायच्या वस्तूला तेल कशाला, हे मी काही विचारलं नाही.

अलिबागला जमा करायला निघालो तेव्हा ते मागच्या सीटवर बसले, डबा मांडीवर घेऊन. पावती मीच घेतली.