एका दिवसाची सहल आणि एक मागणं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कालच्या सहलीचा वृत्तान्त सांगायला मला उभं केलंय. पाय सगळ्यांचेच दुखताहेत, म्हणून लांबवत नाही. मात्र शेवटी माझं एक मागणं आहे, ते ऐकून घ्या.

सकाळी सहाला शाळेच्या पटांगणातून दोन गाड्या निघाल्या. शिवनेरी, नाणेघाट, कुकडेश्वर आणि खोडद, एवढंच ठरवलं होतं. लेण्याद्री मुद्दाम वगळली. एकाच दिवसात दोन्हीकडच्या पायऱ्या चढायचं आपलं वय राहिलेलं नाही.

शिवनेरीवर ऊन तापायच्या आत पोचलो. सात दरवाजे ओलांडले, शिवाईदेवीचं दर्शन घेतलं आणि शिवजन्मस्थानाच्या वास्तूपुढे सगळे गप्प उभे राहिलो. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आपल्याला झोपेतही सांगता येईल. पण याच गडाच्या कड्यांमध्ये महाराजांच्या कितीतरी शतकं आधीची बौद्ध लेणी आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? एका लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिल्याचं लिहिलंय. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. इतक्या लांबून आलेल्या माणसांनी इथे काय दिलं, तर पाणी आणि जेवायला जागा. हे लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचंय.

तिथून जुन्नरमार्गे पश्चिमेला नाणेघाट. वाटेत चावंड दिसला, पुढे जीवधन. भूगोलाचे सर शिवनेरीला गाडीतच थांबले होते, पण इथे खाली उतरले. दोघांचे हात धरून कड्याच्या जरा अलीकडे उभे राहिले आणि समोरच्या डोंगरावरचे आडवे पट्टे दाखवून म्हणाले, “सांगा, हे काय?” पंचावन्नच्या घरातले आपण सगळे, पण माना खाली गेल्या. मग सरांनीच सांगितलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पुन्हापुन्हा पसरला, थिजला, त्यावर पुढचा थर आला. ते थर म्हणजेच हा सह्याद्री. कडा उतरला की कोकण.

कोकणातल्या कल्याण बंदरातला माल देशावर आणायची ही जुनी वाट. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. जरा खाली उतरलं की सातवाहनांचं लेणं लागतं. आत भिंतीवर राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, घोडे, नाणी दिली, याचा तो हिशेब आहे. भारतातले फार जुने अंक इथे कोरलेले सापडतात, म्हणून गणिताच्या अभ्यासकांनाही हे लेणं महत्त्वाचं वाटतं. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही इथे होते. आज त्यांचे जेमतेम अवशेष आणि वरची कोरलेली नावं उरली आहेत.

आणि त्याच दगडावर अलीकडच्या लोकांनी खरवडलेली स्वतःची नावं! ती वाचून आपल्यापैकी कोणालाही कौतुक वाटलं नाही. सगळ्यांनाच चीड आली.

परतताना पूरच्या कुकडेश्वराच्या कोरीव मंदिरात थांबलो. कुकडी नदीचा उगम याच परिसरातला. पिठलं-भाकरी, ठेचा आणि दह्याचं जेवण तिथेच सावलीत झालं. संध्याकाळी खोडदला पोचलो. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण एका ठिकाणी नाही, ती तीस अँटेनांची मिळून बनते. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधोमध जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना लांबवर. डिश भरीव पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची आहे, त्यामुळे वारा आरपार जातो आणि वजनही कमी राहतं. ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. रस्त्यावरून पाहताना एका मैत्रिणीने विचारलं, “आपण इथेच वाढलो, मग हे आपल्याला कोणी दाखवलं का नाही?” आपण शाळेत असताना ही दुर्बीण नव्हती, हे एक उत्तर झालं. पण लेख तर दोन हजार वर्षं तिथेच होता.

आता मागणं. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या फाटकावर कमान बांधायची आणि तिच्या दगडावर आपल्या सगळ्यांची नावं कोरायची, असं समितीत बोलणं चाललंय. त्यामागची भावना मला समजते. पण काल परवानगी घेऊन मी मुख्याध्यापिका बाईंना एक गोष्ट विचारली: सहलीला सगळी मुलं येतात का? त्या म्हणाल्या, वर्गणी परवडत नाही म्हणून नावच न देणारी मुलं दरवर्षी असतात. ती मुलं “मला गाडी लागते” असं सांगतात. घरात पैसे नाहीत, हे सांगत नाहीत.

माझं म्हणणं इतकंच आहे की कमान नको. त्या पैशांतून दरवर्षी आठवीच्या अख्ख्या वर्गाची एक दिवसाची सहल काढू, कालच्याच वाटेने. एकाही मुलाकडून वर्गणी घ्यायची नाही. एसटी शाळांच्या सहलींना सवलतीत गाडी देते, तेव्हा निधी बरीच वर्षं पुरेल. शिवाय दर वर्षी आपल्यातले दोघे सोबत जातील. इंजिनिअर असेल त्याने खोडदला बोलावं, शेती करणाऱ्याने कुकडीच्या पाण्याबद्दल सांगावं. सरांनी काल विचारलेला प्रश्न तेराव्या वर्षी कानावर पडला, तर पंचावन्नाव्या वर्षी मान खाली घालावी लागत नाही.

इरिलचं नाव दोन हजार वर्षं टिकलं, कारण ते पाण्याच्या टाक्याबरोबर आलं होतं. नुसती नावं खरवडणाऱ्यांचं आपण काल काय केलं, ते आठवा.

दुपारच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करते. विरोध असेल त्यांनी मोकळेपणाने बोलावं, जेवताना माझ्याशी भांडावं. पण हात वर करण्याआधी वर्गातल्या “गाडी लागणाऱ्या” मुलांचा एकदा विचार करावा. आपल्याही वर्गात ती होती. त्यांतली काही आज इथे बसली आहेत.