बरणीवरची चिठ्ठी

२५ ऑक्टोबर १९४७ रोजी फ्रान्समधल्या लूदाँ नावाच्या गावी लेओं बेनार हा खाऊनपिऊन सुखी असलेला गृहस्थ वारला. मूत्रपिंडं निकामी झाली, रक्तात विष साचलं, असं डॉक्टरांचं निदान होतं. रीतीप्रमाणे दफन झालं. मागे राहिली त्याची बायको मारी, घर, जमीनजुमला आणि गावभर कुजबुज.

लूदाँ म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती. भोवती शेती, सगळे सगळ्यांना ओळखणारे, कुणाच्या घरात कुणाची किती वाटणी हे पाठ असलेले. याच गावात १६३४ साली ग्रांदिए नावाच्या धर्मगुरूला चेटकाच्या आरोपावरून जिवंत जाळलं होतं. तोंडातोंडी पसरलेल्या गोष्टीनं माणूस कसा संपतो, हे त्या गावानं पूर्वी पाहिलेलं होतं.

लेओंच्या परिचयाची एक बाई पोस्टात काम करायची. तिचं म्हणणं असं की, शेवटच्या आजारात लेओं तिच्यापाशी बोलला होता: बायकोनं सूप वाढलं, पण त्याआधीच ताटलीत काहीतरी पातळ होतं. हे बोलणं तिच्याकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेलं आणि शेवटी न्यायाधीशांच्या कानी पोचलं. मे १९४९ मध्ये लेओंची कबर उकरली गेली. अवयव बरण्यांत भरून मार्सेय शहरी डॉक्टर बेरू यांच्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं: सोमल, म्हणजे आर्सेनिक. जुलैमध्ये मारीला अटक झाली.

मग एकामागून एक कबरी उघडल्या. मारीचा पहिला नवरा, तिचे आईवडील, सासूसासरे, नात्यातली म्हातारी माणसं, शेजारी. ज्याच्या त्याच्या मरणानंतर मारीच्या घरात काही ना काही आलं होतं, असा सरकारपक्षाचा दावा होता. डझनभर मृत्यूंचा हिशेब एका बाईच्या नावावर मांडला गेला. फ्रान्सभरच्या वर्तमानपत्रांनी तिला विषारी बाई ठरवून टाकलं, खटला उभा राहण्याच्या आधीच.

सोमलाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण हे विष आपल्याही ओळखीचं आहे. त्याला ना रंग, ना वास, ना म्हणण्यासारखी चव. उंदीर मारायला म्हणून घरात यायचं. पोटात गेलं की उलट्या, जुलाब, पायात गोळे. म्हणजे अगदी पटकीसारखी लक्षणं. ज्या काळात गावोगाव पटकीची साथ असायची, त्या काळात सोमलानं मेलेला माणूस साथीच्या खात्यात सहज जमा व्हायचा. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात विष तपासायला मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करक असत. त्यांच्यातल्या लायन यांनी १८८९ मध्ये हिंदुस्थानासाठी वैद्यकीय न्यायशास्त्राचा ग्रंथच लिहिला.

सोमल ओळखायची खात्रीची युक्ती जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. संशयित पदार्थ जस्त आणि आम्ल यांच्याबरोबर ठेवायचा, निघालेला वायू तापवलेल्या काचेच्या नळीतून न्यायचा. सोमल असेल तर नळीच्या आतल्या बाजूला आरशासारखा चमकदार काळसर डाग धरतो. चारच वर्षांनी, १८४० मध्ये, फ्रान्सच्याच लाफार्ज खटल्यात ही रीत गाजली. तिथेही खेड्यातलं घर, तरुण बायको, अचानक गेलेला नवरा. स्थानिक रसायनतज्ज्ञांचं एकमत होईना, तेव्हा पॅरिसहून विषतज्ज्ञ ओर्फिला आले. त्यांनी प्रेताच्या अवशेषांत सोमल दाखवला. पण त्याबरोबर कबरीभोवतीची मातीही तपासली. सोमल मातीतून आत शिरला असेल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून स्वतःला विचारला होता. हे लक्षात ठेवा.

मार्शच्या नळीत एक अडचण आहे. अँटिमनी नावाचा धातूही जवळपास तसाच डाग पाडतो. दोन्हींतला फरक करायला आणखी एक चाचणी आहे: विरंजक द्राव टाकला की सोमलाचा डाग विरघळतो, अँटिमनीचा राहतो. फार कष्टाचं काम नाही, फक्त करावं लागतं.

फेब्रुवारी १९५२ मध्ये प्वातिए इथे खटला सुरू झाला. डॉक्टर बेरू साक्षीला उभे राहिले. अनुभवी माणूस, अनेक खटल्यांत त्यांचा शब्द शेवटचा ठरलेला. आपण सोमलाचा डाग नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, असं त्यांनी सांगितलं. मारीचे वकील आल्बेर गोत्रा यांनी काही काचेच्या नळ्या पुढे केल्या आणि यांतल्या सोमलाच्या कोणत्या, ते दाखवा म्हणाले. बेरूंनी दाखवल्या. मग गोत्रांनी नळ्या तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला वाचला. एकाही नळीत सोमल नव्हता. सगळे डाग अँटिमनीचे होते.

हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो, नाटकासारखा आहे म्हणून. मला मात्र त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच, आणि ते फार कंटाळवाणं आहे. गोत्रांनी बरण्यांचा हिशेब मागितला. लूदाँच्या दफनभूमीतून किती बरण्या निघाल्या, मार्सेयला किती पोचल्या, कुठल्या बरणीवर कुणाचं नाव होतं, आत काय होतं, अहवालात काय लिहिलं. कागद शेजारी शेजारी ठेवले, तर ते जुळेनात. कुणाचा अवयव कुणाच्या नावाखाली तपासला गेला, याबद्दल शंका उभी राहिली. यंत्र कितीही बारीक मोजणारं असो, त्याला बरणीवरची चिठ्ठी वाचता येत नाही. चिठ्ठी चुकली की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

मी अनेक वर्षं पृथक्करण रसायन शिकवलं. विद्यार्थ्यांना वाटतं, शोध म्हणजे उपकरण. मी त्यांना सांगत असे, आधी नमुना कुठून आला ते लिहा, कुणी घेतला ते लिहा, केव्हा घेतला ते लिहा. मग उपकरणाचं बटण दाबा. मुलांना तो कारकुनी उद्योग वाटायचा. मला तो शास्त्राचा पाया वाटत आला आहे आणि अजूनही वाटतो.

पहिला खटला थांबला. नवे तज्ज्ञ नेमले, पॅरिसचे मोठमोठे प्राध्यापक. मार्च १९५४ मध्ये बोर्दो इथे दुसरा खटला सुरू झाला. या वेळी मृतांचे केस अणुभट्टीत ठेवून तपासले होते. सोमलाचे अणू भट्टीत किरणोत्सारी होतात आणि साधारण २६ तासांत त्यांचा जोर निम्म्यावर येतो. त्या खुणेवरून ते ओळखायचे. त्या काळी हे अगदी नवं तंत्र होतं. पण केस भट्टीत पुरेसा वेळ ठेवले होते का, यावरच तज्ज्ञांची जुंपली. त्याहून मोठा प्रश्न मातीचा. दफनभूमीच्या मातीत सोमल होताच. तो सगळीकडे सारखा नव्हता. इथे जास्त, चार हातांवर कमी. जमिनीतले सूक्ष्मजीव त्याला विरघळवतात, पाणी त्याला हलवतं, आणि कबरीतल्या माणसाचे केस तो ओढून घेऊ शकतात, असं बचावपक्षाच्या शास्त्रज्ञांनी कोर्टाला सांगितलं. मग केसातला सोमल जिवंतपणी पोटातून गेलेला की मेल्यावर जमिनीतून आलेला? ओर्फिलांनी १८४० मध्ये विचारलेला हा प्रश्न. लूदाँमध्ये पहिल्या फेरीतच प्रत्येक कबरीच्या वरची, खालची, बाजूची माती, आणि ताडून बघायला लांबची माती नीट घेऊन, चिठ्ठी लावून ठेवली असती, तर पुढच्या कितीतरी भांडणांना जागाच उरली नसती.

दुसरा खटलाही निकालाविना थांबला आणि मारी जामिनावर सुटली. तिसरा खटला व्हायला १९६१ साल उजाडलं. साक्षीदार म्हातारे झाले होते, काही गेले होते. १२ डिसेंबर १९६१ रोजी मारी निर्दोष सुटली. ती गावी परतली आणि १९८० मध्ये वारली. लेओं कशानं मेला, याचं सर्वांना मान्य होईल असं उत्तर आजही नाही.

तिनं विष घातलं की नाही, यावर मी मत देणार नाही. कोर्टानं दिलेला निकाल माझ्यासाठी निकाल आहे. माझं मत वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. तिनं केलं असेल, तर डझनभर माणसांना न्याय मिळाला नाही. तिनं केलं नसेल, तर एका निरपराध बाईची बारा वर्षं गेली, त्यांतली जवळजवळ पाच तुरुंगात. या दोहोंतलं खरं कोणतं ते कळायची वाट बंद झाली, आणि ती १९४९ मध्ये, पहिल्या काही आठवड्यांत, दफनभूमीतच बंद झाली. नंतरच्या बारा वर्षांत शास्त्र खूप पुढे गेलं, पण ज्यावर ते चालवायचं तो नमुनाच भरवशाचा उरला नव्हता.

आता आपल्या गावाकडे या. लूदाँमध्ये निदान कबरी तरी होत्या. आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सावडणं, रक्षा नदीत. त्यानंतर कुणाला शंका आली, तर उकरायला काही नसतं. म्हणजे आपल्या खेड्यातल्या संशयास्पद मृत्यूचा फेरतपास उभा राहतो तो फक्त तीन गोष्टींवर: पोलिसांनी केलेला मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि प्रयोगशाळेला पाठवलेला व्हिसेरा.

व्हिसेऱ्याची रीत ठरलेली आहे. जठर आणि लहान आतड्याचा भाग एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंडाचा तुकडा दुसऱ्या बरणीत, मिठाच्या संपृक्त पाण्यात बुडवून. आणि ते मिठाचं पाणी थोडं, काहीही न घालता, वेगळ्या बाटलीत. पाण्यातच विष होतं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून. ही तिसरी बाटली मला फार आवडते. तिच्यात स्वतःवर शंका घेण्याचा प्रामाणिकपणा आहे.

पंचनामा मात्र डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ करत नाही. कायदा सांगतो की, अकस्मात मृत्यूची खबर आली की पोलीस अधिकाऱ्यानं जागेवर जावं आणि त्या वस्तीतल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष तपास करून, जखमा, खुणा, काय दिसलं ते लिहावं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १७४ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ वं आहे. आकडा बदलला, पंच राहिले. ते पंच म्हणजे तुम्ही आणि मी.

मी बावीस वर्षांचा असताना असा पंच झालो आहे. गावाबाहेरची विहीर, लग्न होऊन आलेली एक मुलगी. बाहेर काढून तिला धडप्यानं झाकलं होतं. बायका लांब उभ्या होत्या. विहिरीच्या काठावरच्या दगडावर कागद ठेवून लिहिणं चाललं होतं. पोलीस मला म्हणाले, इथे सही कर. मी केली. वाचलं नाही. त्या क्षणी वाचायला थांबणं मला अमानुष वाटलं.

सात-आठ वर्षांनी तिचा भाऊ मला शोधत आला. त्यानं एकच विचारलं, "दादा, चपला कुठं होत्या? काठावर काढून ठेवलेल्या, का पायात, का नव्हत्याच?" मला आठवेना. पंचनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता. विहिरीचं पाणी त्या दिवशी बाटलीत भरून घेतलं होतं का, हेही मला सांगता आलं नाही. बुडून मेलेल्या माणसाच्या हाडांतल्या मगजात कधी कधी पाण्यातली सूक्ष्म शेवाळं सापडतात आणि ती त्याच पाण्यातल्या शेवाळाशी ताडून बघता येतात, हे मी तोवर पुस्तकात वाचलं होतं. ताडून बघायला त्या दिवशीचं पाणी लागतं. भाऊ थोडा वेळ बसला, चहा घेतला आणि गेला. त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं, आणि तेवढंही माझ्याकडे नव्हतं.

म्हणून आज ही विनंती करतो आहे. तुमच्या गावात कुणी अचानक गेलं आणि पोलीस पाटलांनी तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर टाळू नका, जा. लिहिलेलं सगळं वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचायला सांगा. चपला, बांगड्या, भांडी, बाटली, दाराची कडी, ओल कुठवर होती. जे दिसलं ते कागदावर आहे का बघा. नसेल तर लिहायला सांगा. बरणी तुमच्यासमोर बंद होत असेल, तर तिच्यावरचं नाव आणि तारीख वाचा. मग सही करा. दुःखाच्या घरी हे बोलणं जड जातं, मला माहीत आहे. तरी बोला. सात-आठ वर्षांनी एखादा भाऊ विचारायला येईल, तेव्हा त्याला उत्तर मिळू दे.