बंदी नव्हे, वयाची पायरी हवी
(घनसावंगी येथील पालक मेळाव्यातील भाषण)



चित्रपट 'केवळ प्रौढांसाठी' असला, की अल्पवयीन मुलाला चित्रपटगृहाच्या दारातच अडवले पाहिजे, असा आपला कायदा सांगतो. १९५२ च्या चलचित्र कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन ७, १३ आणि १६ वर्षे अशा पायऱ्याही ठरल्या. पण मोबाईलवर रक्तपाताचा खेळ सुरू होतो, तेव्हा दाराशी कोण असते?

'पबजी'वर बंदी यावी म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका शाळकरी मुलाच्या वतीने जनहित याचिका झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने बंदी घातली. परंतु देशाच्या सुरक्षेसाठी, बालमनासाठी नव्हे. २०२१ मध्ये त्याच धाटणीचा खेळ नव्या नावाने अवतरला. बंदी आली आणि गेली. मुलांचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव बोलका आहे. तेथे २०१३ पूर्वी खेळांना प्रौढांचा वर्गच नव्हता. परिणामी हिंसक खेळावर एक तर बंदी येई, नाहीतर तो पंधरा वर्षांच्या वर्गात शिरे. अठरा वर्षांवरील वर्ग झाल्यावर ही कोंडी फुटली.

आपल्याकडे चित्रपटांसारखे प्रमाणन मंडळ खेळांना नाही. ॲपच्या दुकानात दिसणारा वयाचा आकडा बहुधा निर्मात्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. प्रौढांचे स्वातंत्र्य अबाधित राहावे. पण वयाचा निवाडा विक्रेत्याच्या हाती नसावा. तशी मागणी आपण शासनाकडे केलीच पाहिजे. आणि तोवर? मुलाच्या हाती फोन देण्यापूर्वी तो आकडा आपण स्वतः वाचावा, फोनमधील पालक-नियंत्रण सुरू करावे. आज त्या दाराशी आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.