वैद्यकीय नियतकालिकासाठी लेख सिद्ध करताना

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने वैद्यकीय लेखनावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांत डॉक्टरमंडळी मोठ्या संख्येने आहेत. कादंबरी परत करायला आलेले डॉक्टर पिशवीतून टंकलिखित काढतात आणि ''सर, जरा भाषा बघता का?'' असे विचारतात, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा अनुभव आहे. औषधातले मला काही कळत नाही, वाक्यातले थोडेफार कळते. अशा लेखांतली बरीचशी अडचण औषधाची नसून मांडणीची असते, असे माझे मत झाले आहे. त्या अधिकारात, किंवा अनधिकारात म्हणा, मी आज येथे उभा आहे.

हस्तलिखित म्हटले की आम्हा मराठीवाल्यांना लीळाचरित्र आठवते. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी जमवल्या त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. कोणी सांगितले, कोणी पाहिले, पाठ कोणाचा, याची ही काळजी तेराव्या शतकातली आहे. वैद्यकीय लेखाचा जीवही याच काळजीत आहे. फरक इतकाच, की तेथे साक्षीदार लेखक स्वतः असतो आणि पडताळणारा अनोळखी असतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. टॉमस वॅकली यांनी लंडनमध्ये 'लॅन्सेट' सुरू केले ते १८२३ मध्ये. त्या काळचे लेख पत्रासारखे असत. रोगी केव्हा आला, काय दिले, पुढे काय झाले, हे कथेच्या ओघात सांगितले जाई. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' १९१३ मध्ये निघाले, मुंबईचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ मध्ये. लेखांची संख्या वाढली तसा प्रत्येक संपादकाचा थाट वेगळा झाला. एकाला संदर्भ एका रीतीने हवेत, दुसऱ्याला दुसऱ्या. लेख एका ठिकाणाहून परत आला की तो सगळा पुन्हा टंकित करायचा. टंकलेखन यंत्राच्या काळात हे किती जिकिरीचे होते, ते आपल्यातल्या ज्येष्ठांना सांगायला नको. अखेर १९७८ मध्ये काही संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र जमले आणि त्यांनी लेखाचा एक सामाईक आराखडा ठरवला. तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गटाचीच पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. टंकलेखिकांचे कष्ट वाचावेत म्हणून जमलेली ही मंडळी पुढे लेखकत्व, संमती आणि नीतिमत्ता यांचे नियम घालू लागली.

लेखाचे अंग चार भागांचे असते : प्रास्ताविक, पद्धती, फलिते आणि चर्चा. ही चौकट विसाव्या शतकाच्या मध्यापासून हळूहळू रुळली. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये तिचा अर्थ चार साध्या प्रश्नांत सांगितला. काम सुरू का केले, काय केले, काय सापडले आणि त्याचा अर्थ काय, हे ते प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या लेखांत पहिल्या प्रश्नाला चार पाने असतात आणि दुसऱ्याला अर्धे. प्रास्ताविकात चरक-सुश्रुतांपासून रोगाचा सगळा इतिहास येतो, पण रक्तदाब कोणत्या यंत्राने, रोगी बसलेला असताना की निजलेला असताना मोजला, ते सापडत नाही. संपादक मात्र पद्धतीचा भाग आधी पाहतो. तेथे कच्चे असेल तर पुढे कितीही सुंदर लिहिलेले असो, ते त्याच्या उपयोगाचे नसते.

पद्धती म्हणजे काय, हे सांगायला उदाहरण घरचेच आहे. ऑक्टोबर २००६ च्या 'लॅन्सेट'मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. येथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह तो केला होता. खेड्यातील बाळंतपणात, जेथे डॉक्टर नाही, इंजेक्शन थंड ठेवायची सोय नाही, तेथे बाळंतिणीचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रोखता येईल का, हा प्रश्न होता. चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांतील १६२० स्त्रिया त्यात होत्या. काहींना औषध दिले, काहींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. कोणाला काय मिळाले ते देणाऱ्या नर्सबाईंनाही ठाऊक नव्हते.

आता वाचक विचारणार, की रक्त किती गेले हे कळले कसे? नजरेने अंदाज केला तर तो चुकतो, आणि बहुधा कमीच होतो. फडक्यात किती शोषले गेले, जमिनीत किती मुरले, कोण सांगणार? म्हणून या अभ्यासात बाळंतिणीखाली प्लॅस्टिकचे आवरण घालून त्याच्या खुणा केलेल्या पिशवीत रक्त गोळा केले आणि मोजले. पाचशे मिलिलिटर किंवा अधिक म्हणजे अतिरक्तस्राव, अशी व्याख्या आधीच ठरलेली होती. निरौषधी गोळीच्या गटात शेकडा १२ स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात शेकडा ६.४ स्त्रियांना. त्या पिशवीचे वर्णन लेखात नसते, तर या दोन आकड्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि खेड्यापाड्यांतील किती आयाबायांचा जीव या विश्वासावर अवलंबून होता! जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या कामासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातले. त्यामागे आणखीही अभ्यास होते, पण त्यांत आपल्या गावचा हा एक होता.

फलिते सांगण्याची रीतही येथे पाहण्यासारखी आहे. 'धोका जवळजवळ निम्म्यावर आला' असे म्हटले तर ते खरे आहे. 'शंभरांतील सुमारे साडेपाच स्त्रियांचा अतिरक्तस्राव टळला' हेही खरे आहे. पहिले वाक्य टाळ्या घेते, दुसरे डॉक्टरच्या कामाला येते. अठरा स्त्रियांना औषध दिले की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, हा हिशेब दुसऱ्या वाक्यातूनच निघतो. प्रामाणिक लेखक दोन्ही आकडे देतो. टक्केवारी देताना ती कितींपैकी हेही लिहावे. 'शेकडा ६६ रुग्ण बरे झाले' असे लिहिलेला एक लेख मी पाहिला आहे. रुग्ण तीन होते.

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमाच्या उलट ठेवावा, असे मी सुचवतो. आधी कोष्टके करावीत, मग पद्धती आणि फलिते लिहावीत, नंतर चर्चा, त्यानंतर प्रास्ताविक. सारांश आणि शीर्षक सर्वांत शेवटी. कारण पुष्कळ वाचक तेवढेच वाचतात, आणि आपण काय सांगितले हे लेखकालाही लेख पुरा झाल्यावरच नीट कळते. चर्चेत आपल्या अभ्यासाच्या मर्यादा स्वतःच सांगाव्यात. परीक्षक त्या शोधणारच असतो.

आता माझ्या प्रांतातील गोष्ट, भाषेची. आपल्याकडचा डॉक्टर रुग्णाची तक्रार मराठीत किंवा कानडीत ऐकतो आणि इंग्रजीत लिहितो. या दोन क्रियांच्या मधल्या जागेत पुष्कळ काही सांडते. आमची म्हातारी माणसे चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी येणे असे वेगवेगळे शब्द वापरतात. कोणाला भिंत फिरताना दिसते, कोणाच्या डोळ्यांपुढे काळोख येतो, कोणाचा नुसता तोल जातो. यांची कारणे कानात, रक्तदाबात, हृदयात अशी निरनिराळ्या ठिकाणी असू शकतात. डॉक्टरच्या वहीत मात्र या सगळ्यांसाठी 'गिडीनेस' हा एकच शब्द उतरतो. दुखण्याचेही तेच. कळ, ठणका, चमक, मुरडा, शूळ, आग, चरचर, रग यांतील प्रत्येक शब्दाला स्वतंत्र अर्थ आहे, आणि इंग्रजीत गेल्यावर सगळ्यांचे 'पेन' होते. म्हणून माझी विनंती असते, की टिपणात रुग्णाचा शब्द त्याच्याच बोलीत, देवनागरीत किंवा कानडी लिपीत, लिहून ठेवा. इंग्रजी नंतर करता येईल. प्रश्नावली वापरायची असेल तर एकाने तिचे मराठी करावे आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे. दोन इंग्रजी प्रती जुळल्या नाहीत तर दोष कोठे आहे ते कळते. हे काम भाषेच्या माणसांचे आहे, आणि लेखात त्याचा उल्लेख करायचा असतो.

ऐकून घेण्याचे मोल किती, ते डॉ. राणी व अभय बंग यांच्या १९८९ मधील 'लॅन्सेट'च्या लेखात दिसते. गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या. शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. ज्या दुखण्याविषयी बाई घरातही बोलत नाही, ते त्या लेखाने जगापुढे मांडले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचेही उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. कोकणातील आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रोगी पाहताना त्यांनी बारकाईने लक्षणे टिपली, आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचा लेख छापला. पुढे २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूविषावरील प्रतिविष आणि प्राझोसिन यांच्या उपचाराचा त्यांचा अभ्यास आला, तोही महाडच्या रुग्णांवरचा. त्यांचे आत्मचरित्र 'बॅरिस्टरचं कार्टं' आपल्या वाचकांना परिचित आहे, पण ते लेखही वाचावेत. विंचू काही कोकणातच असतो असे नाही. आपल्या भागातल्या दवाखान्यांतही पाहण्यासारखे पुष्कळ येते. ते लिहिले जात नाही आणि डॉक्टर निवृत्त झाले की त्यांच्याबरोबरच जाते, याचे मला वाईट वाटते.

लिहिताना रुग्णाचे नाव काढले म्हणजे झाले, असे मात्र समजू नये. 'वडगावचा बेचाळीस वर्षांचा विणकर, उजव्या हाताला सहा बोटे' असे छापल्यावर नाव कशाला हवे? डोळ्यांवर काळी पट्टी मारलेले छायाचित्रही आता पुरेसे मानले जात नाही. लेख दाखवून, समजावून, लेखी संमती घ्यावी लागते. रुग्णांवरील अभ्यासाला नीतिसमितीची परवानगी लागते, आणि औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची नोंदणी व्हावी लागते. आपल्या देशाची चाचणी-नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. नोंद आधी हवी, ती अशासाठी की प्रतिकूल निघालेली चाचणी कोणाला गुपचूप पुरून टाकता येऊ नये.

लेखकांच्या नावांचा विषय नाजूक आहे, पण टाळणार नाही. समितीच्या नियमाप्रमाणे लेखक तोच, ज्याचा कामाच्या कल्पनेत, आकडे मिळवण्यात किंवा त्यांच्या अर्थात भरीव वाटा आहे; ज्याने लेख लिहिला किंवा जाणतेपणाने तपासला; ज्याने शेवटच्या प्रतीला संमती दिली; आणि जो सगळ्या लेखाबद्दल उत्तर द्यायला बांधील आहे. ही चौथी अट २०१३ मध्ये आली. चारही अटी एकत्र पाळायच्या असतात. आपल्याकडे लग्नपत्रिकेत घरातील ज्येष्ठांची नावे घालतात त्या न्यायाने विभागप्रमुखांचे नाव लेखावर चढते. माझ्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टर मुलीने दोन वर्षे वॉर्डात फिरून माहिती गोळा केली आणि पहिला मसुदाही तिनेच लिहिला. छापून आले तेव्हा तिच्या नावाची जागा आभारांत होती. बढतीसाठी नाव लागते हे मला ठाऊक आहे, मीही नोकरी केली आहे. तरी ही चोरी आहे, तिला दुसरा शब्द नाही. अलीकडे संगणकाकडून मजकूर लिहून घेण्याची सोय झाली आहे. तिच्याबद्दलही समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की यंत्राला लेखक म्हणता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. त्याचा उपयोग केला असेल तर सांगावे.

लेख एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचा असतो. निवड करताना त्याचे जुने अंक वाचावेत. यासाठी इतकी चांगली जागा असताना (येथे मी या सभागृहाकडे बोट दाखवतो) लोक न वाचताच पाठवतात. 'आठ दिवसांत छापू, इतके पैसे पाठवा' अशी गोड पत्रे ज्यांना येतात त्यांनी ती कचऱ्यात टाकावीत. तेथे परीक्षक नसतो, आणि तेथे छापलेला लेख पुन्हा चांगल्या ठिकाणी छापता येत नाही. वर्षांची मेहनत अशी बुडालेली मी पाहिली आहे.

चांगल्या ठिकाणाहून परीक्षकांचे शेरे येतात. ते वाचून पहिल्या दिवशी राग येतो, म्हणून पहिल्या दिवशी उत्तर लिहू नये. नंतर प्रत्येक शेरा उतरवून काढावा, त्याखाली आपण काय बदलले आणि कोणत्या पानावर, ते लिहावे. पटले नाही तर का पटले नाही ते सभ्यपणे, आधारासह लिहावे. लेख नाकारला गेला तरी शेऱ्यांचा उपयोग करून मगच तो दुसरीकडे पाठवावा. ज्यांच्याकडे असे परत आलेले लेख कपाटात पडून आहेत, त्यांनी ते घेऊन यावे. शनिवारी संध्याकाळी मी वाचनकक्षात असतो.