प्रोग्रॅमचा वाफा

नवे बियाणे आले की जाणता शेतकरी ते एकदम सगळ्या रानात पेरीत नाही. आधी एका वाफ्यात लावून पाहतो. संगणकावरही असा वाफा करता येतो. त्याला कंटेनर म्हणतात.

समजा, शाळेत एकच संगणक आहे. गुरुजींचा निकालपत्रकाचा प्रोग्रॅम पायथॉन भाषेच्या जुन्या आवृत्तीवर चालतो, आणि मुलांना तर नवी शिकायची आहे. जुनी काढून नवी बसवली, तर निकालपत्रक अडून बसायचे! २०१३ साली आलेल्या डॉकरने ही अडचण सोपी केली. नव्या पायथॉनची तयार इमेज, म्हणजे साचाच म्हणा ना, इंटरनेटवरून एकदा उतरवून घ्यावी. मग इंटरनेट नसले तरी तिच्यातून हवे तितके कंटेनर काढता येतात. आत काही बिघडले, तर तो कंटेनर मोडा, दुसरा काढा. बाहेरचे जुने पायथॉन जसेच्या तसे राहते.

मात्र एक सांभाळा. कंटेनर पुसला की आत लिहिलेलेही जाते. म्हणून मुलांचे प्रोग्रॅम बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि तो फोल्डर कंटेनरला जोडावा. वाफा मोडला, तरी बियाणे घरात राहिले पाहिजे ना!