जाई की जुई?

नारायण पेठेतल्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, अंगणं गेली. पण गॅलरीच्या गजांवर एखादा वेल सहज चढवता येतो. कोणता लावायचा, जाई की जुई? नावं जोडीनं घेतली जातात, त्यामुळं रोप घेताना अनेकांची गल्लत होते.

ओळख पानावरून पटवा. जाईच्या एका देठावर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक, अशा साधारण सात ते अकरा पर्णिका असतात. जुईचं पान मात्र एकटं दिसतं. बुडाशी कानाच्या पाळीसारख्या दोन इवल्या पर्णिका. तिच्या शास्त्रीय नावातला 'ऑरिक्युलेटम' हा शब्द या कानांवरूनच आला. जाईचं फूल मोठं, कळीला बाहेरून गुलाबी छटा. जुईचं फूल अगदी नाजूक, पण घोसानं येणारं. दोघींच्या कळ्या संध्याकाळी उमलतात आणि बहर पावसाळ्यात जोरात असतो.

जाई ऐसपैस वाढते. तिला लांब जाळी, मोठी कुंडी द्या. जागा बेताची असेल, तर जुई छाटून आटोपशीर ठेवता येते. दोघींनाही चार-पाच तास ऊन हवंच. शेजारच्या इमारतीची सावली दिवसभर पडत असेल, तर पानं भरपूर येतील, फुलं मोजकीच. कुंडीत पाणी साचू देऊ नका. हिवाळा सरताना छाटणी करून शेणखत घाला. नव्या फुटीवरच कळ्या धरतात.

गजरा ओवायचा असेल तर जाई, ओंजळभर सुगंध हवा असेल तर जुई.